घोड्याची वाट, गावाची वाट

कर्जत स्टेशनातून निघून उल्हास नदीचा पूल ओलांडला की दहिवली लागते. दहिवलीच्या माळावर उभे राहून एकदा चहूकडे नजर टाका. मावळतीच्या अंगाला माथेरानचा डोंगर दिसतो. उगवतीला सह्याद्रीची भिंत उभी आहे. या दोहोंच्या मध्ये आपली गावे आणि वाड्या वसल्या आहेत. डोंगरावरची माणसे खाली येतात, खालची माणसे वर जातात. ही ये-जा शेकडो वर्षांची आहे. ती कशावरून झाली? डांबरी सडकेवरून नव्हे. सडक कालची आहे. तिच्या आधी पायवाट होती, आणि घोड्याबैलांची वाट होती.

आज आपण या वाटांविषयी वाचू. वाट कोणाची असते? ती कशी बुजते? आणि ती राखायची कशी?

१. जुन्या वाटा

बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली खुला झाला. आगगाडी घाट चढू लागली ती १८६३ साली. त्याआधी माल जनावरांच्या पाठीवरून जाई. कोकणचे मीठ घाटावर चढे, घाटावरचे धान्य खाली उतरे. बैलांचे तांडे, तट्टे आणि डोक्यावर बोजा घेतलेली माणसे एकाच वाटेने चालत.

त्यांतल्या पुष्कळ वाटा अजून आहेत. कुसूरचा घाट वर मावळात जातो. कोंदिवड्याहून कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला वाट जाते. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. एक गणेश घाट आणि दुसरी शिडीची वाट.

माथेरानचीही गोष्ट अशीच आहे. १८५० साली, मे महिन्यात, ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब चौकहून डोंगर चढून गेले. साहेबाने माथेरान शोधले असे आपण म्हणतो. पण त्या डोंगरावर धनगर, ठाकूर आणि कातकरी आधीपासून वावरत होते. साहेब चढला तो त्यांच्याच रानातून. पुढे वर बंगले झाले, घोड्यांसाठी वाटा झाल्या. १९०७ साली नेरळहून लहान आगगाडी सुरू झाली. तरी वाटा राहिल्याच.

२. घोडा जाईल अशी वाट

खांडसच्या दोन वाटांचा विचार करा. शिडीची वाट जवळची आहे. तरणा माणूस तिने चढून जातो. पण शिडीवर घोडा चढत नाही. पाठीवर गोणी घेतलेला बैल चढत नाही. म्हातारी आजी चढत नाही. आजारी माणसाची डोलीही चढत नाही.

म्हणून जाणती माणसे सांगतात, घोडे जेथून जाते तेथून डोली जाते. घोड्याला चढण हळूहळू लागते. त्याला पाय टेकायला रुंद जागा लागते. वळणावर वळायला ऐस लागते. अशी वाट बांधली की तिच्यावरून मूल शाळेत जाते, बाई पाणी आणते आणि बाळंतीण दवाखान्यात पोचते. घोड्यासाठी राखलेली वाट ही गावातल्या सर्वांत अशक्त माणसासाठी राखलेली वाट असते.

अशी वाट टिकवायला दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते.

पहिली गोष्ट पाणी. आपल्याकडे पाऊस मुसळधार. पाणी वाटेवरून सरळ वाहू लागले की वाटेचा ओहोळ होतो. माती जाते, धोंडे उघडे पडतात. म्हणून वाटेला जागोजाग तिरके चर काढावेत आणि पाणी उताराच्या बाजूला सोडून द्यावे. हे काम मृगाच्या आधी करावे. दहा माणसांनी एक सकाळ दिली तर एक वाट वर्षभर टिकते.

दुसरी गोष्ट जमीन. घोड्याच्या पायाला लोखंडी नाल असते. मातीवर आणि खडबडीत जांभ्यावर नाल धरून राहते. गुळगुळीत सिमेंटावर ती घसरते, आणि पावसात तर फारच. घसरला की घोडा पडतो, आणि बसलेला माणूसही पडतो.

३. माथेरानचा वाद

याच कारणाने माथेरानात मोठा वाद झाला. माथेरानला मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यापाशी मोटार थांबते. पुढे पायी जावे, नाहीतर घोड्यावर बसावे. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि भोवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. तेथील लाल मातीच्या वाटा ही त्या गावाची ओळख आहे.

पुढे या वाटांवर सिमेंटच्या फरशा बसवण्याचे काम निघाले. काही लोक म्हणाले, माती धुपते, फरशा हव्यात. घोडेवाले म्हणाले, फरशीवर घोडा घसरतो. त्यातच ई-रिक्षाचा प्रश्न आला. हाताने ओढायची रिक्षा माणसाला माणूस ओढायला लावते. ती बंद व्हावी हे रिक्षा ओढणारे स्वतः मागत होते. घोडेवाल्यांना वाटले, ई-रिक्षा आली की आपले पोट जाईल. दोन्ही बाजू गरिबांच्या होत्या.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि तिच्या जागी ई-रिक्षा द्या, असा हुकूम झाला. फरशा दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर बसवाव्यात, आतल्या रस्त्यांवर बसवू नयेत, असेही न्यायालयाने सांगितले.

यातून आपण काय शिकावे? वाट राखणे म्हणजे सुधारणेला विरोध करणे नव्हे. कोठे सडक हवी आणि कोठे मातीची वाट हवी, हे बसून ठरवावे लागते. ठरवताना त्या वाटेने रोज चालणारा माणूस तेथे हजर पाहिजे. तो गप्प बसला तर त्याच्यावाचून ठरते.

माथेरानच्या वाटांचे नाव तरी सगळीकडे आहे. आपल्या वाड्यांच्या वाटांना नाव नाही. त्या बंद झाल्या तर वर्तमानपत्रात येत नाही. आता अशाच एका वाटेची गोष्ट ऐका.

४. एका वाडीची गोष्ट

मी काही वर्षे ज्या शाळेत होतो, तिच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर एक ठाकूरवाडी आहे. वाडीचे नाव सांगत नाही, कारण अशा वाड्या पुष्कळ आहेत. घरे पंचवीस-तीस. शाळा, रेशनचे दुकान, दवाखाना सगळे खाली. वाडीतल्या एकाने दोन घोडे पाळले होते. हंगामात तो ते माथेरानला नेई. एरवी वाडीचा तांदूळ, सिमेंट, कौले याच घोड्यांवरून वर चढत.

एके वर्षी खालची जमीन विकली गेली. शहरातल्या कोणी ती घेतली. दिवाळी झाली आणि तारेचे कुंपण पडले. लोखंडी फाटक आले. वाट कुंपणाच्या आत गेली.

लोक म्हणाले, "मालक भला मानूस दिसतोय. बोलून बघू."

बोलणी सुरू झाली. मालक म्हणे, "बघतो." रखवालदार म्हणे, "साहेब पुढच्या महिन्यात येणार." लोक थांबले. कुंपणाच्या कडेने, ओढ्याच्या दरडीवरून माणसे कशीबशी जाऊ लागली. घोडे मात्र जाईनात. तांदूळ बायकांच्या डोक्यावर आला. पहिली-दुसरीच्या मुलांचे शाळेत येणे कमी झाले. मी हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करीत होतो, पण कारण विचारायला वर गेलो नाही. ही माझी चूक.

पावसाळा लागला. श्रावणात एका रात्री एका बाईला कळा सुरू झाल्या. झोळी करून चौघे निघाले. दरडीवरून झोळी उतरेना. शेवटी डोंगराला लांबचा वळसा घातला. एका तासाच्या जागी तीन तास लागले. बाळ आणि बाळंतीण दोघेही वाचली, ही देवाची दया. पण त्या रात्री वाडी खडबडून जागी झाली.

रविवारी मंडळी माझ्याकडे आली. घोडेवाला म्हणाला, "गुरजी, माजा आजा याच वाटेनं घोडं न्यायचा. आन् आता म्हनतात हितं वाटच नव्हती. हे कसं?"

मी विचारले, "कुंपण कधी पडलं?"

"दिवाळी झाल्यावर."

मी बोटांवर महिने मोजले. नऊ महिने झाले होते. माझ्या पोटात धस्स झाले. १९०६ सालचा एक कायदा आहे, मामलेदार न्यायालयाचा. शेताला किंवा चराऊ रानाला जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर तहसीलदार अडथळा काढून टाकायचा हुकूम देऊ शकतो. पण अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आमची मुदत "बघतो, बघतो" यात निघून गेली होती.

मग आम्ही भूमी अभिलेख कचेरीतून गावाच्या नकाशाची नक्कल काढली. ती ओसरीवर पसरली. घोडेवाला रात्रीच्या वर्गात नुकताच वाचायला शिकला होता. त्याने बोट ठेवून अक्षरे लावली, "ओ... ढा. ओढा!" गावापासून ओढ्यापर्यंत एक तुटक रेघ होती. ती आमची वाट. ओढ्यापुढे मात्र रेघ नव्हती. जुन्या मोजणीदाराने वाट तेथेच सोडून दिली होती.

आम्ही नकाशा जोडून तहसीलदारांकडे अर्ज दिला. पंचनामा झाला. ओढ्यापर्यंतच्या वाटेवरचे कुंपण निघाले. त्याबद्दल फार वाद झाला नाही, कारण रेघ होती. ओढ्यापुढे मालकाची खासगी जमीन. वाडीतल्या काही जणांची शेते वर होती. त्यांनी शेतावर जायला बांधावरून वाट मागितली. ती मिळाली, पण सहा महिने चकरा माराव्या लागल्या. ती वाट अरुंद आहे. दोन घोडे समोरासमोर आले तर एकाला मागे सरावे लागते. पहिल्या वाटेपेक्षा ती लांबही आहे.

जेथे नोंद होती तेथे वाट सरळ मिळाली. जेथे नोंद नव्हती तेथे वळसा मिळाला. एवढे एक वाक्य या पाठातून लक्षात ठेवलेत तरी पुरे.

५. कागद काय सांगतो

आता हा कागद नीट समजून घेऊ.

गावाच्या नकाशावर वाटा रेघांनी दाखवतात. दुहेरी तुटक रेघ असली तर तो गाडीरस्ता. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेघ असली तर तो पायमार्ग. त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. सव्वाआठ फुटांतून ओझ्याचा घोडा खुशाल जातो.

सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या मालकीच्या असतात, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ सालच्या कायद्यात, कलम २० मध्ये सांगितले आहे. शेजारची जमीन विकली गेली तरी अशी वाट तिच्याबरोबर विकली जात नाही.

शेतावर जायच्या पुष्कळ वाटा नकाशावर नसतात. त्यांच्यासाठी त्याच कायद्याचे कलम १४३ आहे. शेतावर जायला वाट नसेल तर शेतकरी तहसीलदारांकडे मागणी करतो. तहसीलदार जागा पाहून, दोन्ही बाजू ऐकून, दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतो. शेजाऱ्याचे नुकसान कमीत कमी व्हावे हेही तो पाहतो.

आणखी एक कायदा १८८२ सालचा आहे. कोणी दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्काने जात असेल, तर त्याला जाण्याचा हक्क मिळतो. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षे लागतात. पण वाद पडला तर हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावे लागते. त्याला साक्षीदार लागतात, आणि म्हातारी माणसे कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. म्हणून ती आहेत तोवर त्यांचे म्हणणे लिहून ठेवावे.

दुसऱ्या देशांनीही हाच धडा घेतला आहे. इंग्लंडमध्ये १९४९ साली कायदा झाला, की प्रत्येक परगण्याने आपल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा नकाशा करावा. पायी चालायची वाट कोणती आणि घोड्याची वाट कोणती, हे त्यावर वेगवेगळे दाखवतात. घोड्याच्या वाटेने पायी माणूसही जातो. नकाशावर वाट आली की ती कोणाच्या शेतातून गेली तरी शेतमालक ती बंद करू शकत नाही. तेथेही ज्या वाटा नोंदवायच्या राहिल्या, त्यांच्यासाठी लोक अजून जुने कागद शोधीत आहेत.

६. गायरान आणि रान

वाट नुसती जायला नसते. ती कोठे तरी पोचावी लागते.

दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडी, कांबळी, कोंबड्या, कधी लहान मूलही. भात कापून रिकामे झालेल्या शेतात शेतकरी त्यांच्या मेंढ्या बसवून घेतो. शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. हा सौदा दोघांच्या फायद्याचा. पण घोडा आणि मेंढरे शेतापर्यंत पोचायला वाट हवी, आणि मुक्कामाला गायरान हवे. वाट बंद झाली की त्यांना मोटारींच्या सडकेवरून जावे लागते. तेथे जनावर मरते आणि माणूसही.

गायरान ही गावाची सामाईक जमीन. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी एका पंजाबातल्या प्रकरणात निकाल दिला, की गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढावीत आणि जमीन गावाला परत द्यावी. हे सगळ्या राज्यांना सांगितले आहे. महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी जुलैमध्ये तसा निर्णय काढला. अतिक्रमणाची नोंद तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई मध्ये असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ती नोंद पाहायला मागावी.

वाट जंगलातून जात असेल तर २००६ सालचा वनहक्क कायदा पाहावा. त्यात चराईचा हक्क आहे. मेंढपाळांसारख्या फिरत्या लोकांनी हंगामात रानात येण्याचा हक्कही त्यात सांगितला आहे. हे सामूहिक हक्क मागायचे ते ग्रामसभेतून.

७. वाटसरूचा धर्म

हक्क सांगणाऱ्याने कर्तव्यही सांभाळावे. ज्याच्या जमिनीतून वाट जाते, त्यालाही आपली बाजू आहे. कोणाचा घोडा भातात शिरला, कोणी फाटक उघडे टाकले आणि गुरे वरकसात गेली, कोणी दारूच्या बाटल्या फोडल्या, की मालक वैतागतो आणि कुंपण घालतो. पुष्कळ वाटा अशा रागातून बंद होतात.

म्हणून घोडा वाटेवरच ठेवावा. फाटक उघडले तर लावून घ्यावे. पेरणीच्या दिवसांत घोडा हाताने धरून न्यावा. पायी माणूस समोर आला तर घोडा थांबवावा. मालक समोर दिसला तर रामराम करावा. गोड बोलावे, पण मुदत विसरू नये.

८. आता काय करावे

१. गावातील म्हाताऱ्या माणसांना घेऊन आपल्या वाटा एकदा चालून या. कोणती वाट कोठून कोठे जाते ते वहीत लिहा.
२. भूमी अभिलेख कचेरीतून गाव नकाशाची नक्कल काढा. आपल्या वाटा त्यावर आहेत का ते पाहा.
३. ज्या वाटा नकाशावर नाहीत, त्यांची यादी ग्रामसभेत वाचा आणि ठरावात लिहवून घ्या.
४. वाट अडवली तर तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या.
५. वाट मिळाल्याचा हुकूम झाला की सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात नोंद झाली का, ते स्वतः वाचून पाहा.
६. दर वर्षी मृगाच्या आधी वाटेचे चर मोकळे करा. चालती वाट कोणी सहसा गिळत नाही. गवताने झाकलेली वाट गिळतात.

त्या वाडीचा घोडेवाला परवा बाजारात भेटला. मी विचारले, "वाट कशी आहे?" तो म्हणाला, "हाय गुरजी. अरुंद हाय, पण हाय. सातबाऱ्यावर लिवलीय. मी सोता वाचली."

प्रश्न

१. शिडीच्या वाटेने कोण जाऊ शकत नाही?
२. नकाशावरची एकेरी तुटक रेघ काय दाखवते?
३. वाडीच्या लोकांनी अर्ज द्यायला उशीर का केला? त्याने काय तोटा झाला?
४. माथेरानच्या घोडेवाल्यांना फरशा का नको होत्या?
५. तुमच्या गावातील बंद झालेली एखादी वाट आठवा. ती कोठून कोठे जात होती आणि कधी बंद झाली, हे पाच ओळींत लिहा.

शब्दांचे अर्थ

वहिवाट : फार दिवसांपासून चालत आलेला वापर
पंचनामा : पंचांसमक्ष जागा पाहून लिहिलेली हकिकत
अतिक्रमण : दुसऱ्याच्या किंवा सरकारी जागेत केलेली घुसखोरी
गायरान : गुरे चरण्यासाठी राखलेली गावाची जमीन
पोच : कागद मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती